पिवळा, हिरवा आणि महाप्रसादाची कुपनं

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांवर व्याख्यानं होतात. ज्ञानेश्वरी झाली, शेअर बाजार झाला, मधुमेह तर दोनदा झाला. यंदा सचिवांचा मला फोन आला, "ताई, तुम्ही रंगांवर बोला." मी विचारलं, कुठल्या रंगांवर? ते हसून म्हणाले, "पिवळ्या आणि हिरव्यावर. विषय तुमच्या परिचयाचा आहे."

बघा, जुनी मंडळी आत्ताच हसायला लागली. म्हणजे तुम्हालाही तो परिचयाचा आहे. पण जी कुटुंबं गेल्या वर्षभरात बदली होऊन दिल्लीत आली, त्यांच्यासाठी आधी ती हकीकत सांगते. त्यातलाच एक भाग मला आज सगळ्यांसमोर बोलायचा आहे, म्हणून मी हे आमंत्रण स्वीकारलं.

दोन वर्षांपूर्वी महाप्रसादाची कुपनं छापायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मी गेली तीस वर्षं कापडावरच्या छपाईची डिझाइनं करते आहे, तेव्हा कुपनं म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. महाप्रसाद दोन दिवस होता, शनिवारी रात्री आणि रविवारी रात्री. शनिवारचं कुपन मी फिकट पिवळं केलं आणि रविवारचं फिकट पोपटी. दोन्हीवर काळ्या बारीक अक्षरात मजकूर, कोपऱ्यात गणपतीचं रेखाचित्र. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तेव्हा फार सुरेख दिसत होती. शेवंती आणि दूर्वा, असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते.

शनिवारी रात्री दारावर कुपनं घ्यायला एक तरुण मुलगा उभा होता. त्याची नोकरी नोएडात आणि मंडळातलं पहिलंच वर्ष. दाराशी आपला नेहमीचा हॅलोजनचा मोठा दिवा लावलेला, त्याचा पिवळाधमक उजेड. आठ वाजता पंगती सुरू झाल्या. साडेनऊला स्वयंपाकघरातून निरोप आला की मसालेभात संपत आलाय आणि बाहेर चाळीस माणसं उभी आहेत. पेटी उघडून बघतो तर तिच्यात रविवारची पोपटी कुपनं ढीगभर. काही लोकांनी चुकून आणली होती, काहींनी बहुधा जाणूनबुजून, आणि या मुलानं सगळी घेतली होती.

मी तणतणत दाराशी गेले आणि रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर त्याला म्हणाले, "अरे, तुला पिवळा आणि हिरवा रंगसुद्धा कळत नाही का?"

तो म्हणाला, "नाही कळत, काकू."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, उलट उत्तर देतोय. कोणी तरी त्याला चांगलंच सुनावलं. तो पेटी टेबलावर ठेवून निघून गेला. रविवारी आला नाही. विसर्जनाच्या दिवशी आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, मी उद्धटपणा केला नव्हता. मला हे दोन रंग खरंच सारखे दिसतात. नोकरीच्या एका वैद्यकीय तपासणीत कळलं मला. घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही."

त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. पण रागावले होते सगळ्यांसमोर आणि माफी मागितली ती झाडाआड. हिशोब बरोबर जुळला नाही. तो आपण शेवटी पूर्ण करू. आधी मूळ विषय घेऊ, म्हणजे तीस वर्षं रंगांत काढलेल्या बाईचं नेमकं चुकलं काय.

शाळेत आपण सगळ्यांनी 'तानापिहिनिपाजा' पाठ केलेलं आहे. त्यात पि आणि हि शेजारी-शेजारी. इंद्रधनुष्यात पिवळा कुठं संपतो आणि हिरवा कुठं सुरू होतो याची रेघ कोणालाच मारता येत नाही. मधल्या त्या जागेत जो रंग आहे, त्याला आपण पोपटी म्हणतो. आता गंमत अशी की दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा नेमका याच जागी सगळ्यात तल्लख असतो. प्रकाशाची लांबी मोजायच्या भाषेत सांगायचं तर ५५५ नॅनोमीटर. म्हणून तर रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना आणि वाहतूक पोलिसांना तशी झगझगीत पोपटी जॅकिटं देतात.

म्हणजे पिवळा आणि हिरवा हे नुसते शेजारी नाहीत, ते डोळ्याच्या सगळ्यात उजळ खोलीत राहणारे शेजारी आहेत. दोघंही फिकट घेतले तर डोळ्याला दोन उजळ गोष्टी दिसतात आणि त्यांतला फरक शोधत बसावं लागतं. तांबडा आणि हिरवा जवळ आले की भांडतात, ते कोणालाही कळतं. पिवळा आणि हिरवा भांडत नाहीत, ते एकमेकांत मिसळून जातात. दिसायला गोड, पण वेगळं ओळखायचं असेल तेव्हा अडचण.

हे नातं किती जवळचं आहे ते बघा. तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर पिवळा रंग मुळात नसतोच. तिथं लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे असतात. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम लागले की आपल्याला पिवळं दिसतं. म्हणजे पडद्यावरच्या पिवळ्याच्या पोटात हिरवा आहे. छापखान्यात बरोबर याच्या उलट. तिथं सायन नावाची निळसर शाई, मॅजेंटा नावाची गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. त्यात हिरवी नाही. पिवळीवर सायन चढवली की हिरवा होतो. म्हणजे कागदावरच्या हिरव्याच्या पोटात पिवळा आहे. पडद्यावर झगमगणारा पोपटी छापून आल्यावर मेलेला दिसतो, याचं कारण हेच. दिव्याचा तो पोपटी चार शायांच्या आवाक्यातच नसतो. आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरून छापखानेवाल्याशी जे दरवर्षी भांडण होतं ना, त्यात बऱ्याच वेळा त्याची चूक नसते.

रंगाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. माझे वडील सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात रंगारी होते. ते सांगायचे, झाडपाल्याच्या रंगात एवढं हिरवं रान आजूबाजूला असून पक्का हिरवा एकाही पानातून सरळ निघत नाही. पानाचा हिरवा सुतावर टिकत नाही. म्हणून जुने रंगारी कापड आधी निळीत बुडवायचे आणि मग त्यावर पिवळा चढवायचे, हळदीचा, नाहीतर डाळिंबाच्या सालीचा. निळ्यावर पिवळा बसला की हिरवा. कलमकारी घ्या, अजरख घ्या, जुन्या कामातला हिरवा असाच आलेला आहे.

पण त्यात एक मेख आहे. नीळ पक्की आणि हळद कच्ची. हळदीचा रंग उन्हात उडतो. मग हिरवं लुगडं चार वर्षांनी निळसर दिसायला लागतं. हा अनुभव फक्त आपला नाही. युरोपात राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायला विणलेले मोठे पडदे असत. त्यांतल्या कित्येकांवरची झाडं आज निळी दिसतात. विणकरांनी ती हिरवीच विणली होती, त्यातला पिवळा शेकडो वर्षांच्या उजेडात निघून गेला. वडील म्हणायचे, "हिरव्यात पिवळा पहिला जातो. गेल्यावर कळतं की तो होता."

आता कामाचं बोलू. कोणाला घराला रंग द्यायचाय, कोणाला साडी निवडायचीय, तरुण मंडळींना संगणकावर काहीतरी करायचंय. पिवळा-हिरवा एकत्र वापरताना मी काय बघते, ते चार-पाच गोष्टींत सांगते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पिवळा जागचा हलत नाही. हलायचं ते हिरव्यानं. पिवळा हा मुळातच उजळ रंग. त्याला गडद करायला जा, तो पिवळा राहत नाही, तपकिरी होतो नाहीतर शेवाळी होतो. गडद पिवळा म्हणून आपण ज्याला म्हणतो, तो बघायला गेलं तर केशराकडे सरकलेला असतो. हिरव्याचं तसं नाही. पिस्त्यापासून बाटलीच्या काचेपर्यंत तो कुठंही गेला तरी हिरवाच. म्हणून जोडी जमवताना पिवळा एका जागी ठेवायचा आणि हिरव्याला त्याच्यापासून लांब, गडद बाजूला न्यायचं. ही जोडी रंगाच्या फरकावर उभी राहत नाही, उजळ-गडदच्या फरकावर उभी राहते.

याचं मापसुद्धा आहे. संगणकाच्या पडद्यावर अक्षरं वाचता यावीत म्हणून जगभर मानली जाणारी एक नियमावली आहे. तिच्यात साध्या अक्षरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान साडेचारास एक सांगितलं आहे. पडद्यावरचा भडक हिरवा घेऊन त्यावर पिवळी अक्षरं लिहिली तर हे प्रमाण सव्वास एकच्या आसपास येतं, म्हणजे वाचणाऱ्याला शिक्षा. तोच पिवळा गर्द हिरव्यावर लिहिला की प्रमाण जवळपास सातास एक. पिवळा तोच आहे, सगळं काम हिरव्यानं केलं.

रस्त्यावर उदाहरणं रोज दिसतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना २०१८ पासून हिरवी नंबर पाटी आहे. स्वतःच्या गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. पाटीचा हिरवा गडद आहे म्हणून पिवळे आकडे लांबून वाचता येतात. आपल्या दिल्लीची रिक्षाच घ्या. पूर्वी ती काळी-पिवळी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर सीएनजी आला आणि अंग हिरवं, छत पिवळं झालं. धुक्यातल्या जानेवारीत सकाळी रिक्षाचं आधी काय दिसतं ते आठवून बघा. छत दिसतं. अंग नंतर दिसतं. टेनिसच्या चेंडूचंही असंच. पूर्वी तो पांढरा असायचा. टीव्हीवर नीट दिसेना म्हणून १९७२ मध्ये नियमात पिवळा चेंडू आला. विम्बल्डनवाले मात्र १९८६ पर्यंत पांढऱ्यालाच धरून बसले. हिरव्या गवतावर पोपटीकडे झुकणारा पिवळा चेंडू दिसतो, कारण गवत त्याच्यापेक्षा पुष्कळ गडद आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. योहान्स इटेन नावाचे एक स्विस चित्रकार-शिक्षक होते. त्यांचं रंगांवरचं पुस्तक १९६१ मध्ये आलं, ते आम्हा डिझाइनवाल्यांचं पाठ्यपुस्तकच म्हणा ना. त्यांनी प्रत्येक रंगाला वजन दिलं. त्यांच्या हिशोबाने एक भाग पिवळा दोन भाग हिरव्याला तोलून धरतो. म्हणजे दोघं बरोबरीनं दिसायला हवे असतील तर पिवळा निम्मा पुरतो. पण बरोबरीनंच दिसले पाहिजेत असं काही नाही. कोण यजमान आणि कोण पाहुणा एवढं ठरवायचं. अर्धं-अर्धं केलं की दोघंही पाहुण्यासारखे अवघडून बसतात.

क्रिकेटवाल्यांना ऑस्ट्रेलिया माहीत आहे. हिरवा आणि सोनेरी पिवळा हे त्यांचे राष्ट्रीय रंग म्हणून १९ एप्रिल १९८४ रोजी जाहीर झाले. ते आले कुठून? तिथल्या वॉटलच्या झाडावरून. आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड, तसाच पिवळा फुलोरा. कसोटीत त्यांची टोपी गर्द हिरवी, नावापुरता पिवळा. एकदिवसीय सामन्यात शर्ट पिवळा आणि हिरवा नावापुरता. जोडी तीच, यजमान बदलला.

ब्राझीलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९५० च्या विश्वचषकात ते स्वतःच्या देशात, माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरले. तेव्हा त्यांचा शर्ट पांढरा होता. हार इतकी जिव्हारी लागली की शर्ट बदलायचं ठरलं. १९५३ मध्ये एका वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली. अट अशी की झेंड्यातले चारही रंग, म्हणजे हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा, वापरायचे. विशीही न ओलांडलेल्या आल्दीर श्ली नावाच्या मुलाचं चित्र निवडलं गेलं. चार रंगांचं कडबोळं होण्याचा धोका होता. त्यानं शर्ट पूर्ण पिवळा केला, हिरव्याला फक्त गळ्याला आणि बाह्यांच्या कडेला ठेवलं, निळा खाली चड्डीला दिला, पांढरा मोज्यांना. म्हणून ब्राझीलचा शर्ट आज ओळखावा लागत नाही.

आपल्याकडच्या बायकांना हे शिकवायला इटेन लागला नाही. हळदीच्या पिवळ्या साडीवर हातात हिरवा चुडा. अंगभर पिवळा, मनगटापुरता हिरवा. लग्नाच्या सगळ्या गर्दीत नवरीचे हात दिसतात.

तिसरी गोष्ट. कुठला पिवळा आणि कुठला हिरवा? पिवळ्याचे मुख्य दोन गोत. एक लिंबाचं, म्हणजे हिरव्याकडे झुकणारं. दुसरं हळदीचं आणि मोहरीचं, तांबड्याकडे झुकणारं. हिरव्याचेही दोन. एक पोपटी-मेंदी-शेवाळी, म्हणजे पिवळ्याकडे झुकणारं, आणि एक मोरपंखी-चिंतामणी, निळ्याकडे झुकणारं. मोहरीचा पिवळा आणि शेवाळी हे जुन्या घरच्या माणसांसारखे निवांत बसतात. दिवाणखान्याला, पडद्यांना चांगले. हळदी आणि मोरपंखी ही पैठणीची जोडी, समारंभाची. लिंबू आणि पोपटी एकत्र घेतले की ताजं वाटतं, पण लहान जागेत. पूर्ण खोली तशी रंगवली तर आठवड्यानं डोळे दुखतात. माझ्याकडे एकांनी मुलाची खोली तशी करून घेतली आणि मुलगा अभ्यासाला स्वयंपाकघरात बसायला लागला.

नक्षी बारीक असेल तर आणखी एक काळजी. जानेवारीत मथुरेच्या बाजूनं रेल्वेनं येताना मोहरीची शेतं लागतात. बांधावर उभं राहिलं तर पिवळी फुलं वेगळी, हिरवे देठ वेगळे. गाडीतून दूरचं शेत बघितलं तर दोन्ही मिसळून पोपटी चादर दिसते. कापडावर बारीक पिवळ्या-हिरव्या बुट्ट्या काढल्या की तेच होतं. ताणा पिवळा आणि बाणा हिरवा घालून विणलं तरी तेच, फक्त तिथं ते मुद्दाम करतात, त्याला आपण धूपछाव म्हणतो. मिसळायचं असेल तर बारीक काढा, वेगळं दिसायला हवं असेल तर मोठं काढा.

चौथी गोष्ट तिसऱ्या रंगाची. दोन सख्खे शेजारी एकमेकांत मिसळायला लागले की मध्ये एक कुंपण घालावं. साडीच्या अंगात आणि काठात एक तांबडी किंवा पांढरी बारीक रेघ सोडतात ना, ती उगाच नसते. झेंडूच्या तोरणात आंब्याची पानं चालतात कारण ती गर्द असतात, तिथं कुंपणाची गरज नाही. दूर्वा मात्र फिकट आणि शेवंतीही फिकट. म्हणून समोर मखरात बघा, मध्ये जास्वंदीचं एक लाल फूल आहे. ते काढून बघितलं तर दूर्वा दिसेनाशा होतील. ते फूल बाप्पाला आवडतं म्हणून वाहतात हे खरंच, पण डोळ्यालाही ते हवं असतं.

मखराकडे बघताच आहात तर पीतांबराकडेही बघा. आपली मुलं दरवर्षी शाडूची मूर्ती रंगवायला बसतात. पीतांबराच्या चुण्यांना सावली दाखवायला मुलं पिवळ्यात थोडा काळा मिसळतात आणि रडत येतात, "काकू, पीतांबर हिरवा झाला!" होणारच. पिवळ्यात काळा पडला की तो शेवाळी दिसतो. पिवळ्याची सावली करायची तर काळ्याला हात लावायचा नाही, थोडा गेरू घ्यायचा किंवा केशरी. हे लहानांच्या शिबिरात दरवर्षी सांगते, आज मोठ्यांनाही सांगितलं.

आता पाचवी आणि शेवटची गोष्ट, जिच्यापाशी माझं चुकलं.

सोलापूरच्या कारखान्यात वडील रंगवलेली लडी हातात आली की ती दिव्याखाली कधी बघायचे नाहीत. म्हणायचे, "दारात नेऊन बघ." दाराशी दिवसाचा खरा उजेड असतो. आतल्या दिव्याखाली दोन लड्या एकसारख्या दिसतात आणि बाहेर गिऱ्हाइकाच्या हातात वेगळ्या निघतात. या प्रकाराला आमच्या धंद्यात मेटामेरिझम म्हणतात. वडिलांना तो शब्द माहीत नव्हता, दार माहीत होतं.

मी ते वाक्य इतकं पाठ केलं की त्याचा अर्थच विसरले. कुपनं मी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहिली. पण ती वापरायची होती रात्री, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात. तिथं फिकट पिवळा पांढरट दिसतो आणि फिकट पोपटी पिवळट. दारात नेऊन बघ याचा अर्थ जिथं वापरायचं तिथं नेऊन बघ, असा आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी दोन्ही कुपनं शेजारी ठेवून पाहिली. योसेफ आल्बर्स यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं आहे की रंग कधी एकटा दिसत नाही, शेजारचा त्याला ढकलत असतो. पिवळ्याशेजारी ठेवलेला पोपटी जास्त हिरवा दिसतो. तोच पोपटी गर्द हिरव्याशेजारी ठेवा, पिवळा दिसेल. माझ्या टेबलावर दोघं एकमेकांना ढकलून वेगळे दाखवत होते. दारावरच्या मुलाच्या हातात एका वेळी एकच कुपन येत होतं. शेजारी गेला, फरकही गेला. त्या रात्री पाच-सहा जाणत्या, नजर चांगली असलेल्या माणसांनी चुकून रविवारचं कुपन आणलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे तुमचेही डोळे फसलेच.

आणि तिसरी चूक. ती कुपनं कोणाच्या डोळ्यांनी बघितली जाणार आहेत याचा मी विचारच केला नाही. तांबडा-हिरवा वेगळा न दिसणं हे जन्मतः असतं, बहुतेक आईकडून येतं, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत ते पुष्कळ जास्त आढळतं. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये त्याच्या तपासणीच्या ठिपक्यांच्या पाट्या प्रसिद्ध केल्या. त्या पाट्या आजही दवाखान्यात असतात. आपल्याला वाटतं, अशा माणसाला सगळं काळं-पांढरं दिसत असेल. तसं नसतं. त्याला उजळ-गडद उत्तम कळतं, निळा-पिवळा कळतो. पण पिवळा, पोपटी, नारिंगी सारखेच उजळ असतील तर ते एका घरातले वाटतात. पिकलेला आंबा आणि कच्चा आंबा तो रंगावरून नाही, वासावरून आणि हातानं दाबून निवडतो. एवढ्या मोठ्या आपल्या मंडळात असे दोन-चार जण तरी असणार. ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग माझ्या शर्टाचा रंग सांग बघू."

गेल्या वर्षी कुपनं आपण बदलली, तुमच्या लक्षात आलं असेल. पिवळा आणि हिरवा मी सोडला नाही, हट्टच होता माझा. शनिवारचं कुपन पिवळं, त्यावर मोठ्या काळ्या अक्षरात 'शनि'. रविवारचं गर्द हिरवं, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'रवि', आणि एक कोपरा कापलेला, म्हणजे अंधारातही बोटाला कळावं. छापायच्या आधी नमुने घेऊन मी रात्री आठ वाजता दाराशी गेले, हॅलोजन लावायला लावला आणि त्या मुलाला बोलावून घेतलं. एक-एक कुपन वेगवेगळं त्याच्या हातात दिलं. एकही चुकलं नाही. गेल्या वर्षी दोन्ही रात्री दारावर तोच होता आणि मसालेभात शेवटच्या माणसापर्यंत पुरला.

आता तो राहिलेला हिशोब. आज इथं बोलायच्या आधी मी त्याला विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "सांगा काकू, नाव तेवढं नको." ज्यांना नाव माहीत आहे त्यांनी कृपा करून मागे वळून बघू नये. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, तुला पिवळा आणि हिरवा कळत नाही का? आज सगळ्यांसमोर सांगते, त्या रात्री पिवळा आणि हिरवा कळला नव्हता तो मला. बाळा, माझं चुकलं.

सांस्कृतिक समितीला एक विनंती करून थांबते. पुढच्या वर्षीचं मखर, फलक, कुपनं, जे काही रंगीत कराल, ते छापायच्या आधी त्याला एकदा दाखवा. त्याला जे वेगळं दिसेल ते सगळ्यांना वेगळं दिसेल.

गणपती बाप्पा मोरया!